वैद्यकीय प्रवेश : दुसऱ्या प्रयत्नाचे वर्ष

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणीसाठी जी वसाहत उभी राहिली, ती नंदिनी नगर. कारखान्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावरील ही वस्ती आकाराने लहान आहे. खाणीतील नोकरी, कंपनीचे घर, वसाहतीतील शाळा आणि मोठ्या कामासाठी भिलाईची वाट अशी येथील कुटुंबांची रीत राहिली आहे. अशा वस्तीत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागतो, तेव्हा तो एका घरापुरता राहत नाही. मुलाला किंवा मुलीला किती गुण मिळाले हे संध्याकाळपर्यंत शेजारीपाजारी कळलेले असते आणि दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय?

या प्रश्नाला तिकडच्या हिंदीत 'ड्रॉप घेणार का' असे म्हणतात. महाराष्ट्रात 'रिपीट करणार का' असे विचारले जाते. शब्द वेगळे असले तरी अर्थ एकच. बारावी झाल्यावर अन्य अभ्यासक्रमाला प्रवेश न घेता संपूर्ण वर्ष पुन्हा त्याच परीक्षेसाठी द्यायचे. हा निर्णय घेण्यासाठी कुटुंबाच्या हाती फार तर काही आठवडे असतात. त्या काळात गुण, कोटा, दाखले, पैसा आणि मुलाची मनःस्थिती या सर्वांचा विचार एकदम करावा लागतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत विचार होतो तो केवळ गुणांचा.

गुण नव्हे, क्रमांक

देशातील एमबीबीएस प्रवेश 'नीट' या एकाच परीक्षेच्या आधारे होतात. ही परीक्षा प्रथम मे २०१३ मध्ये घेण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली आणि एप्रिल २०१६ मध्ये तिचा मार्ग पुन्हा मोकळा केला. २०२० पासून एम्स आणि जिपमर या संस्थांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षाही बंद झाल्या. त्यापूर्वी एका परीक्षेत हुकलेल्या विद्यार्थ्याला त्याच उन्हाळ्यात दुसरी, तिसरी परीक्षा देता येत असे. आता वर्षातून एकच दिवस. तो बिघडला तर पुढची संधी बारा महिन्यांनी. दुसऱ्या प्रयत्नाला आज जे महत्त्व आले आहे, त्याचे एक मोठे कारण या रचनेत आहे.

२०२५ मध्ये या परीक्षेला २२,०९,३१८ विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १२,३६,५३१ पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा २०१४ मध्ये ५१,३४८ होत्या. दशकभरात त्या लाखावर गेल्या. तरीही पात्र ठरलेल्या दहांपैकी नऊ जणांना जागा मिळू शकत नाही, हे साध्या भागाकाराने कळते. पात्रतेची रेषा खुल्या गटासाठी पन्नासाव्या शतमकावर असते, म्हणून 'नीट पास झाला' या वाक्याला प्रवेशाच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. खाजगी महाविद्यालयांतील जागा वगळल्या, कारण त्यांचे शुल्क खाणकामगाराच्या आवाक्याबाहेरचे असते, तर स्पर्धा आणखी अवघड होते.

पहिल्या प्रयत्नाचे मूल्यमापन करताना सर्वांत मोठी फसगत गुणांमुळे होते. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले होते. वाढीव गुण आणि वादग्रस्त प्रश्नाबाबतच्या दुरुस्तीनंतर जुलैमध्ये ही संख्या १७ वर आली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, इतकी अवघड निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. ६५० हून अधिक गुण मिळविणारे त्या वर्षी शंभरही नव्हते. आदल्या वर्षी ती संख्या हजारोंच्या घरात होती. याचा व्यवहारातील अर्थ असा की २०२४ मध्ये हुकलेला आणि २०२५ मध्ये पुन्हा बसलेला एखादा विद्यार्थी आधीपेक्षा कमी गुण मिळवूनही सरकारी महाविद्यालयात पोहोचू शकला असता. 'गेल्या वर्षीपेक्षा पन्नास गुण वाढले' किंवा 'घटले' हा हिशेब त्यामुळे निरुपयोगी आहे. पाहावयाचा तो अखिल भारतीय क्रमांक, आपल्या प्रवर्गातील क्रमांक आणि आपल्या राज्यात शेवटची सरकारी जागा कोणत्या क्रमांकावर बंद झाली तो आकडा.

परीक्षेचा आराखडाही स्थिर नसतो. २०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्नांपैकी १८० सोडविण्याची मुभा होती. २०२५ मध्ये ती गेली, १८० प्रश्न सक्तीचे झाले आणि वेळ १८० मिनिटांवर आली. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमही आटोपशीर करण्यात आला. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा ही पद्धत तेवढी कायम राहिली. ज्या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी अंदाजाने उत्तरे देऊन गुण गमावले, त्याच्यासाठी ही बाब नव्या पुस्तकांपेक्षा महत्त्वाची ठरते. आपली जुनी उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका समोर ठेवून किती प्रश्न येत नव्हते, किती येत असून चुकले आणि किती वेळेअभावी राहिले याची वर्गवारी करणे, हे पुनर्प्रयत्नाचे पहिले काम. ते एका दुपारचे आहे आणि फुकटचे आहे. तरीही शिकवणीची फी भरल्यानंतरच अनेकांना ते सुचते.

मराठी कुटुंब, छत्तीसगडचा दाखला

मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाई अशी स्थानके ओळीने येतात. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर भिलाईत कारखाना उभा राहू लागला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हापासून या मार्गाने विदर्भातील अनेक कुटुंबे येथे नोकरीसाठी आली. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, लग्नकार्य नागपूर-भंडाऱ्यात असे या कुटुंबांचे जीवन दोन राज्यांत विभागलेले असते. एरवी त्याचा त्रास होत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी मात्र तो होतो, आणि दुसऱ्या प्रयत्नाच्या वर्षी अधिकच.

सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. काही शासकीय कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी मर्यादित अपवाद आहेत. नंदिनी किंवा भिलाईत दहावी-बारावी झालेल्या मराठी मुलाला या जागांवर सर्वसाधारणपणे हक्क सांगता येत नाही, मग आजोबांचे घर भंडाऱ्यात असो वा शेती गोंदियात. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने काही जागा राखून ठेवल्या आहेत. छत्तीसगडमधील मराठी भाषकांसाठी तशी सोय नाही, आणि तेथे सीमेचा वाद नसल्याने ती मागण्याला आधारही नाही.

येथेच एक गैरसमज वर्ष वाया घालवू शकतो. पहिला प्रयत्न हुकल्यावर मुलाला नागपूर किंवा लातूरला नातेवाइकांकडे ठेवून शिकवणी लावण्याचा मार्ग अनेक कुटुंबे निवडतात. अभ्यासाच्या दृष्टीने तो योग्य असू शकतो. बारावीनंतर पुन्हा बसणाऱ्यांसाठीचे वर्ग हा लातूरच्या शैक्षणिक बाजारपेठेचा मोठा भाग आहे. परंतु महाराष्ट्रात एक वर्ष शिकवणी केल्याने महाराष्ट्राचा कोटा मिळत नाही. बारावी पुन्हा तेथून दिली तरी दहावी मागेच राहते. अशा विद्यार्थ्याचा खरा आधार छत्तीसगडचा स्थानिक निवासी दाखला हाच असतो, आणि तो भिलाई सोडण्यापूर्वी हाती असणे शहाणपणाचे.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये दिलेला निकाल आजही याबाबत आधारभूत मानला जातो. ते प्रकरणही वैद्यकीय प्रवेशाचेच होते. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीच्या कुटुंबातील एक मुलगा, वडिलांची सार्वजनिक उपक्रमातील नोकरी महाराष्ट्रात, आणि अर्ज मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयासाठी. मूळ राज्यातील जमातीचा दर्जा स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. महाराष्ट्रातून भिलाईला गेलेल्या कुटुंबांना हा नियम उलट दिशेने लागू होतो. मूळ राज्याच्या दाखल्यावर अखिल भारतीय कोट्यात राखीव जागेचा दावा करता येतो. छत्तीसगडच्या राज्य कोट्यात तो दाखला चालेलच असे नाही. पहिल्या वर्षी खुल्या गटातून अर्ज केलेल्या काही विद्यार्थ्यांचा क्रमांक प्रवर्ग बरोबर लागला असता तर पुरेसा ठरला असता. निकालानंतर हे उमगले तर फार उशीर झालेला असतो, पण पुनर्प्रयत्नाच्या वर्षी ती चूक सुधारता येते.

आणखी एक बारीक बाब. इतर मागासवर्गीयांचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचे लागते. गेल्या वर्षीचा कागद फाइलमध्ये जपून ठेवलेला असतो आणि तोच यंदा उपयोगाचा नसतो. अखिल भारतीय कोट्यात या दोन्ही गटांना २०२१-२२ या वर्षापासून अनुक्रमे २७ आणि १० टक्के आरक्षण लागू झाले. तेथे केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, राज्याच्या नमुन्यातील नव्हे.

दुर्ग जिल्ह्यातल्या मुलांसाठी गेल्या काही वर्षांत एक बदल अनुकूल झाला आहे. छत्तीसगड राज्य २००० मध्ये स्थापन झाले तेव्हा रायपूरचे १९६३ पासूनचे महाविद्यालय हाच आधार होता. त्यानंतर बिलासपूर, जगदलपूर, रायगड, राजनांदगाव, अंबिकापूर अशी भर पडली. पुढे कांकेर, कोरबा आणि महासमुंद आले. रायपूरला एम्स २०१२ मध्ये सुरू झाले. भिलाईनजीकचे चंदूलाल चंद्राकर स्मृती वैद्यकीय महाविद्यालय हे खाजगी महाविद्यालय राज्य सरकारने २०२१ च्या कायद्याने ताब्यात घेतले. त्यामुळे नंदिनीच्या जवळपास सरकारी दराने शिकता येईल अशी जागा प्रथमच निर्माण झाली.

वर्ष कोणाला परवडते?

दुसरा प्रयत्न हा अपवाद राहिलेला नाही, हे दाखविणारी सर्वांत ठळक आकडेवारी तामिळनाडूची आहे. निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, तेथील वैद्यकीय प्रवेशांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण २०१६-१७ मध्ये १२.४७ टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते ७१.४२ टक्के झाले. ही समिती नीटला विरोध करणाऱ्या राज्य सरकारने नेमली होती, आणि २०१६-१७ चे तेथील प्रवेश बारावीच्या गुणांवर झाले होते, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावयास हवेत. तरीही दिशा स्पष्ट आहे. शाळेच्या परीक्षेपेक्षा वेगळ्या स्वरूपाची एकच परीक्षा निर्णायक झाली की तिच्या सरावासाठी जादा वर्ष देऊ शकणारे पुढे जातात. बारावीच्या वर्षात शाळा, प्रात्यक्षिके आणि बोर्डाची परीक्षा सांभाळून तयारी करणाऱ्यांची स्पर्धा तीच तयारी पूर्णवेळ करणाऱ्यांशी होते.

सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी अखिल भारतीय कोट्यातील इतर मागासवर्गीयांचे आरक्षण वैध ठरविताना दिलेल्या सविस्तर निकालात याच मुद्द्याला स्पर्श केला होता. स्पर्धापरीक्षेतील गुणांमागे कुटुंबाचा पैसा, शिक्षण आणि सामाजिक पाठबळही असते, अशी त्या विवेचनाची दिशा होती. दुसऱ्या प्रयत्नाच्या बाबतीत हे पाठबळ म्हणजे अगदी साधी गोष्ट : वर्षभर कमावण्याची अपेक्षा नसलेला, स्वतंत्र खोलीत बसू शकणारा, फी भरलेला विद्यार्थी.

कंपनीच्या वसाहतीत या हिशेबाला निवृत्तीची तारीखही जोडली जाते. धाकट्या मुलाचे पुनर्प्रयत्नाचे वर्ष आणि वडिलांचे साठीचे वर्ष जवळ आले, तर घर सोडावे लागणार, पगार थांबणार आणि परीक्षा बाकी अशी स्थिती येऊ शकते. मुलींच्या बाबतीत दुसऱ्या वर्षाचा निर्णय अधिक बिकट होतो. परीक्षेला मुलांपेक्षा मुली अधिक संख्येने बसतात. २०२५ मध्ये तेरा लाखांहून अधिक मुलींनी नोंदणी केली होती. परंतु परगावी वसतिगृहात ठेवून वर्ष काढण्याची वेळ आली की तिला बी.एस्सी.ला बसविणारी आणि भावाला वर्ष देणारी घरे आजही आहेत. त्याला नशीब म्हणण्याचे कारण नाही. तो घराने केलेला वाटप आहे.

शिकवणी वर्गांच्या बाबतीत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना जारी केल्या. अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उर्वरित काळाचे शुल्क परत मिळावे, अशी सूचना त्यांत आहे. संपूर्ण वर्षाची रक्कम जूनमध्येच भरण्यापूर्वी पालकांनी ही तरतूद दाखवून लेखी उत्तर मागावे.

मर्यादा होत्या, त्या गेल्या

पुन्हा किती वेळा बसता येते, याविषयी जुनी माहिती अजून फिरत असते. २०१७ मध्ये तीन प्रयत्नांची मर्यादा जाहीर झाली होती. आधीचे प्रयत्न मोजले जाणार नाहीत असा खुलासा लगेच करावा लागला आणि पुढे ती मर्यादा टिकली नाही. २०१८ मध्ये २५ वर्षांची, आरक्षित गटांसाठी ३० वर्षांची, कमाल वयोमर्यादा आली. प्रकरण न्यायालयांत गेले आणि अखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये ती काढल्याचे कळविले. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असण्याची अट तेवढी राहिली. एका वर्षाचा निकाल पुढच्या वर्षीच्या देशांतर्गत प्रवेशाला चालत नाही. परदेशातील वैद्यकीय शिक्षणासाठी मात्र तो तीन वर्षे ग्राह्य धरला जातो.

इतर देशांनी याच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. जपानमध्ये प्रवेशपरीक्षेत हुकून वर्षभर तयारी करणाऱ्याला 'रोनिन', म्हणजे धनी नसलेला सामुराई, असे म्हटले जाते. शब्दात थट्टा आहे आणि सहानुभूतीही. जर्मनीत प्रतीक्षेच्या कालावधीलाच महत्त्व देऊन काही जागा भरल्या जात. तेथील घटनात्मक न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या निकालानंतर ही पद्धत मोडीत निघाली. फ्रान्सने २०२० पासून वैद्यकीय शिक्षणाचे स्पर्धात्मक पहिले वर्ष पुन्हा करण्याची सवलत बंद केली आणि दुसरी संधी अन्य पदवीच्या मार्गाने ठेवली. एका अर्थी भारतातील जे विद्यार्थी बीडीएस, बीएएमएस किंवा बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन पुन्हा नीट देतात, ते फ्रान्सचाच मार्ग चोखाळतात. त्यात अभ्यासाला वेळ कमी मिळतो, पण परतीची वाट शाबूत राहते. असे करताना समुपदेशनाचे नियम पाहावे लागतात : उशिराच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडल्यास अनामत रक्कम जप्त होणे, दंड भरावा लागणे असे परिणाम होऊ शकतात.

कोणताही दोष नसताना पुन्हा परीक्षा द्यावी लागलेलेही आहेत. २०१५ ची अखिल भारतीय वैद्यकीय पूर्वपरीक्षा गैरप्रकारांमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ जून रोजी रद्द केली आणि सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांसाठी ती २५ जुलैला पुन्हा घ्यावी लागली. २०२४ मध्येही प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या. तेव्हा संपूर्ण फेरपरीक्षेची मागणी २३ जुलै रोजी फेटाळण्यात आली.

या वर्षातील एकटेपणाविषयी पालक क्वचितच बोलतात. शाळा संपलेली, मित्र महाविद्यालयात गेलेले आणि 'यंदा तरी होईल ना' हा प्रश्न प्रत्येक समारंभात. राजस्थानातील कोटा शहरात २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्था, वसतिगृहे आणि शिकवणी वर्गांसाठी मानसिक आरोग्यविषयक निर्देश दिले. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून ती मराठी आणि हिंदीतूनही सल्ला देते. झोप उडणे, जेवण टाळणे, सराव चाचणीच्या दिवशी आजारी पडणे या गोष्टी आळस म्हणून उडवून लावण्यासारख्या नाहीत.

जूनमध्ये घेतलेल्या निर्णयाची पहिली सरकारी नोंद होते ती पुढच्या वर्षीच्या अर्जात. २०२५ च्या परीक्षेसाठी अर्जाची मुदत ७ फेब्रुवारी ते ७ मार्च अशी एका महिन्याची होती. बारावीत शिकणाऱ्यांना शाळेतून त्याची आठवण करून दिली जाते. पुन्हा बसणाऱ्याला शाळा नसते, सूचनाफलक नसतो. छायाचित्र, दहावीचे प्रमाणपत्र, नव्या वर्षाचा प्रवर्गाचा दाखला, निवासी दाखला आणि काही राज्यांत मागितले जाणारे शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र यांची जुळवाजुळव त्याला किंवा घरच्यांना स्वतः करावी लागते. तहसील कार्यालयात दाखला मिळण्यास लागणारा वेळ पाहता हे काम फेब्रुवारीत नव्हे, दिवाळीपूर्वी सुरू करावयाचे असते.